इलेक्ट्रॉनिक गिअर घ्यायचेत? आधी फ्रेमचं मागचं टोक तपासा

माउंटन बाइकला इलेक्ट्रॉनिक गिअर बसवायचं ठरलं की पहिला वाद ब्रँडचा निघतो: स्रॅम की शिमानो? खरं तर हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. पहिला प्रश्न फ्रेमच्या मागच्या टोकाचा, म्हणजे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जिथे अडकतो त्या ड्रॉपआउटचा. दुसरा मागच्या हबवरच्या फ्रीहबचा, म्हणजे कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) ज्यावर चढते त्या भागाचा. या दोन गोष्टी तपासल्या की अर्धे पर्याय आपोआप गळतात आणि पैसेही वाचतात. हा क्रम उलटा केला की ऑर्डर केलेला डिरेलर फ्रेमला लागत नाही, किंवा कॅसेट हबवर चढत नाही.

पायरी १ : ड्रॉपआउट कोणता आहे?

मागचं चाक काढा आणि उजव्या बाजूचा हँगर, म्हणजे डिरेलर धरणारा सुटा तुकडा, नीट बघा. त्यावर यूडीएच (UDH) अशी अक्षरं उठवलेली असतील तर फ्रेम युनिव्हर्सल डिरेलर हँगरची आहे. हा मापदंड स्रॅमने २०१९ मध्ये आणला. त्याआधी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असायचा आणि मोडला की नेमका तोच शोधत बसावं लागायचं. अक्षरं दिसली नाहीत तर फ्रेमचं मॉडेल आणि वर्ष घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात खात्री करा. नुसत्या आकारावरून अंदाज बांधू नका, कारण काही हँगर दिसायला बरेच जवळचे असतात. हँगर काढायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा: यूडीएचच्या बोल्टचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने जोर लावला तर तो सैल होण्याऐवजी आणखी आवळतो. परत बसवताना तो २५ न्यूटन-मीटर टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा.

आता स्रॅमचं ट्रान्समिशन, म्हणजे त्यांची नवी गिअर-मालिका. २०२३ च्या मार्चमध्ये आलेले एक्सएक्स एसएल, एक्सएक्स आणि एक्स-झिरो, आणि त्याच वर्षी नंतर आलेलं जीएक्स, यांत हँगर हा भागच नाही. हँगर काढून टाकायचा आणि डिरेलर थेट फ्रेमवर, अ‍ॅक्सलभोवती बसवायचा. म्हणून यूडीएच नसलेल्या फ्रेमवर ट्रान्समिशन कोणत्याही जुगाडाने बसत नाही. 'अ‍ॅडाप्टर मिळेल' असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

शिमानोच्या बिनतारी डीआय-टूला (डीआय-टू हे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक गिअरचं नाव) हँगर लागतो. तो यूडीएच असो की जुना, फरक पडत नाही. यातलं एक्सटीआर २०२५ च्या जूनमध्ये आलं आणि त्यापाठोपाठ एक्सटी आणि देओरे. तीन-चार वर्षं जुन्या पण उत्तम फ्रेमवाल्यांसाठी हा खरा मोठा बदल आहे.

तिसरा पर्याय, तोही हँगरवर बसणारा, म्हणजे स्रॅमचं जुनं ईगल अ‍ॅक्सेस (अ‍ॅक्सेस हे स्रॅमच्या बिनतारी भागांचं नाव). २०१९ मध्ये एक्सएक्स-वन आणि एक्स-झिरो-वन आले, २०२१ मध्ये जीएक्स. फ्रेमला यूडीएच नसेल आणि सध्याची कॅसेट स्रॅम ईगलची असेल तर आजही सर्वात कमी खर्चाचा रस्ता हाच. अपग्रेडच्या पेटीत डिरेलर, कंट्रोलर (हँडलवरची गिअरची बटणं), बॅटरी, चार्जर आणि चेन-गॅप मोजायचं साधन येतं. जुनी कॅसेट, चेन आणि क्रँक तशीच चालते.

पायरी २ : फ्रीहब

कॅसेटचा सर्वात लहान दाता, म्हणजे चकती, १० दात्यांची असेल तर जुन्या एचजी फ्रीहबवर ती बसणार नाही. स्रॅमच्या १०-५२ (सर्वात लहान चकती १० दात्यांची, सर्वात मोठी ५२) साठी एक्सडी फ्रीहब लागतो, शिमानोच्या १०-५१ आणि ९-४५ साठी मायक्रो स्प्लाइन. बहुतेक चांगल्या हबचा फ्रीहब बदलता येतो, पण हबचं नेमकं मॉडेल बघूनच मागवा. स्वस्त हबांसाठी हा भाग सुटा मिळतच नाही, आणि मग बदलायचं म्हणजे अख्खं चाक.

दुसरी गोष्ट सुसंगतीची, आणि इथे दोन्ही कंपन्यांचं वागणं वेगळं आहे. स्रॅम ट्रान्समिशनची कॅसेट, सपाट पाठीची फ्लॅटटॉप चेन, चेनरिंग (पॅडलजवळची पुढची चकती) आणि डिरेलर हे चौघे एकत्रच घ्यावे लागतात. जुन्या ईगल कॅसेटवर ट्रान्समिशनचा डिरेलर लावून पैसे वाचवायचा विचार सोडून द्या. शिमानोचं डीआय-टू मात्र आधीच्या १२-स्पीड हायपरग्लाइड-प्लस कॅसेट आणि चेनवर चालतं. तुमच्याकडे यांत्रिक एक्सटी किंवा देओरे १२-स्पीड असेल आणि कॅसेट फारशी झिजलेली नसेल, तर डिरेलर, शिफ्टर, बॅटरी आणि चार्जर एवढंच घ्यावं लागतं. खर्चाचा हिशेब मांडताना ही ओळ विसरली की दोन पर्यायांमधला फरक चुकीचा दिसतो.

चेनलाइनही, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, बघा. ट्रान्समिशन ५५ मिलिमीटरवर चालतं. जुन्या बूस्ट (रुंद मागच्या हबच्या) फ्रेमवरच्या क्रँक अनेकदा ५२ वर असतात. चेनरिंग बदलून हा फरक भरता येतो, पण कधी कधी क्रँकच बदलावी लागते.

जुने तारवाले डीआय-टू सेट, म्हणजे २०१४-१६ च्या सुमारास आलेले ११-स्पीड एक्सटीआर आणि एक्सटी, वापरलेल्या बाइकवर स्वस्तात दिसतात. टाळा. फ्रेममधून तारा ओढाव्या लागतात आणि नव्या बिनतारी भागांशी ते जुळत नाहीत.

पायरी ३ : दात्यांचं गणित

कॅसेटची नुसती टक्केवारी (सर्वात मोठी चकती लहानीच्या किती पट ते) वाचून काही कळत नाही. घाटात लागतो तो सर्वात हलका गिअर. तो काढायचा सोपा मार्ग: चेनरिंगचे दाते भागिले कॅसेटमधल्या सर्वात मोठ्या चकतीचे दाते. ३२ ची चेनरिंग आणि ५२ चा दाता म्हणजे ०.६१५. तीच चेनरिंग आणि ५१ म्हणजे ०.६२७. हा फरक पायाला जाणवत नाही. पण ३२ वर ९-४५ लावलं तर ०.७११. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर धरला, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पहिल्या जोडीत ताशी ५.१ किलोमीटर मिळतात आणि तिसरीत ५.९. चढावर ताशी ०.८ किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण तीव्र चढावर पाय थकले की या फरकातच पॅडल अडकतं आणि उतरून ढकलावं लागतं.

९-४५ वर जायचं असेल तर चेनरिंग लहान करा. २८ आणि ४५ चा भागाकार ०.६२२, म्हणजे आधीच्या ३२-५१ इतकाच. वरचा वेगही फारसा जात नाही, कारण २८ भागिले ९ म्हणजे ३.११, आणि ३२ भागिले १० म्हणजे ३.२. फायदा असा की कॅसेट लहान, डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) आखूड आणि दगडापासूनचं अंतर जास्त. तोटा म्हणजे ९ दात्यांवर चेन फार वळते. ज्यांचा बराच वेळ वेगवान रस्त्यावर जातो त्यांना तिथली खरखर आणि झीज आवडणार नाही. चेनरिंग एवढी लहान करण्याआधी बघा की तुमच्या क्रँकला ती मिळते का, आणि फ्रेमच्या चेनस्टेपाशी (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीपाशी) चेन घासत नाही ना.

वरच्या टोकाच्या उड्याही बघा. जुन्या ईगलच्या १०-५२ मध्ये शेवटची उडी ४२ वरून थेट ५२ वर होती आणि चढावर ती चांगलीच जाणवायची. ट्रान्समिशनमध्ये ३८, ४४, ५२ असा क्रम आहे, शिमानोच्या १०-५१ मध्ये ३९, ४५, ५१. शेवटच्या तीन गिअरांतला हा समतोल शिमानोचा चांगला आहे, असं आमचं मत. एकाच लयीत पॅडल मारत लांब चढ चढणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

पायरी ४ : तुम्ही गिअर कसा बदलता?

इथे ब्रँडचा प्रश्न येतो. ट्रान्समिशन कॅसेटवरच्या ठरावीक जागी, जिथे चेन अलगद चढते, तिथे येईपर्यंत थांबतं आणि मगच चेन हलवतं. म्हणून पूर्ण जोर लावत असतानाही गिअर बदलता येतो. पॅडलवरचा दाब कमी करा, ही वर्षानुवर्षांची शिस्त इथे मोडता येते. पण पाच-सहा गिअर एकदम टाकायचे असतील तर प्रत्येक टप्प्याला हे थांबणं आलंच. उतारावरून अचानक समोर भिंतीसारखा चढ येतो अशा वळणांवर ते हळू वाटतं. उपाय आहे: वळणाच्या आधीच गिअर टाका.

शिमानोचा बदल झटपट होतो आणि शिफ्टरच्या दांडीला बोटाला कळणारा क्लिक आहे. एका दाबात किती गिअर जायचे ते अ‍ॅपमधून ठरवता येतं. यांत्रिक शिफ्टरची सवय असलेल्याला हे घरच्यासारखं वाटतं. स्रॅमचा पॉड, म्हणजे त्यांचा कंट्रोलर, दोन बटणांचा आहे आणि तो हाताला लागायला दोन-तीन फेऱ्या जातात. त्याची एक सोय अशी की जुन्या ईगल अ‍ॅक्सेस आणि नव्या ट्रान्समिशन दोन्हींवर तोच कंट्रोलर चालतो. आज जुनं घेऊन उद्या फ्रेम बदलली तर तेवढा भाग वाचतो.

डिरेलरला मार बसतो तेव्हा काय होतं, हेही तीन तऱ्हांचं आहे. ईगल अ‍ॅक्सेसमध्ये ओव्हरलोड क्लच आहे, मार बसला की तो मोटरला सोडवतो. शिमानोचा डिरेलर आपणहून बाजूला होतो आणि परत जागेवर येतो. पण दोन्हीकडे हँगर वाकू शकतोच. ट्रान्समिशनमध्ये वाकायला हँगर नाही आणि डिरेलरचे बरेच भाग सुटे बदलता येतात. सह्याद्रीतल्या मोकळ्या दगडांच्या वाटांवर हा मोठा फायदा आहे. मात्र सुटे भाग आठवडाभरात मिळतील का, हे आधी दुकानात विचारा. मिळत नसतील तर फायदा कागदावरच राहतो.

आणि हो, ट्रान्समिशनची मजबूत बैठक हवी पण बॅटरी नको, असं वाटत असेल तर २०२५ मध्ये आलेली यांत्रिक ईगल ७० आणि ईगल ९० बघा. यूडीएच फ्रेमवर थेट बसतात आणि केबलवर चालतात. महिन्यातून दोनदाच सायकल बाहेर काढणाऱ्याला आम्ही बहुतेक वेळा हेच सुचवू.

पायरी ५ : ट्रान्समिशन बसवणं

सर्वात जास्त चुका इथे होतात. कारण डिरेलरवर मर्यादेचे स्क्रू नाहीत आणि बी-टेन्शनचा (डिरेलर कॅसेटपासून किती अंतरावर राहतो ते ठरवणारा) स्क्रूही नाही. सगळी जुळवणी बसवण्याच्या पद्धतीतच आहे, नंतर स्क्रू फिरवून सुधारता येत नाही.

साहित्य: ८ मिलिमीटरचा अ‍ॅलन, १२-स्पीडचं चेन-टूल, क्विक-लिंकची पक्कड, ग्रीस, आणि ३५ न्यूटन-मीटरपर्यंत जाणारं टॉर्क रेंच. हँडलबारसाठी घेतलेलं छोटं टॉर्क रेंच २४-२५ ला संपतं, ते इथे उपयोगाचं नाही.

अ‍ॅक्सेसच्या अ‍ॅपमध्ये फ्रेमचं मॉडेल आणि चेनरिंगचे दाते भरा. तीन उत्तरं मिळतील: चेनच्या कड्यांची संख्या, डिरेलरवरची सेटअप-की 'ए' वर लावायची का 'बी' वर, आणि कोणत्या दात्यावर सेट करायचं. तिन्ही कागदावर लिहून कामाच्या जागी चिकटवा. कड्यांची संख्या दोनदा मोजा. एक जोडी कमी झाली तर सर्वात मोठ्या दात्यावर डिरेलर पुढे खेचला जातो. जास्त झाली तर लहान दात्यांवर चेन लोंबते.

हँगर काढा, जागा पुसून कोरडी करा. डिरेलर ड्रॉपआउटवर ठेवा, सेटअप-की अ‍ॅपने सांगितलेल्या अक्षरावर लावा आणि बोल्ट हाताने आवळा, तो अजून फिरला पाहिजे. चाक बसवा. अ‍ॅक्सल त्याच्यावर लिहिलेल्या टॉर्कला आवळा, अनेकदा तो १२ न्यूटन-मीटर असतो. चाक पूर्ण बसलं नसताना पुढे गेलात तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून अ‍ॅक्सल आवळून झाल्यावर चाक फिरवून बघा.

डिरेलरमध्ये बॅटरी घाला आणि जोडणी करा. डिरेलरचं बटण दिवा सावकाश लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि सोडा. मग कंट्रोलरचं बटण दिवा जलद लुकलुकेपर्यंत दाबून धरा. शेवटी डिरेलरचं बटण पुन्हा एकदा दाबून जोडणी संपवा. आता ठरलेल्या दात्यावर या, चेन लावा, पिंजरा लॉक करा. डिरेलर हाताने मागे फिरवा, चेनमधला ढिलेपणा जाईपर्यंत. तसाच धरून बोल्ट ३५ न्यूटन-मीटरला आवळा. आवळताना डिरेलर बोल्टबरोबर पुढे सरकायला बघतो, म्हणून दुसरा हात लागतो. पिंजरा अनलॉक करा.

क्रँक हाताने फिरवत बारा गिअर वर आणि बारा खाली. आवाज आला तर कंट्रोलरचं बटण दाबून ठेवून गिअरच्या बटणाने बारीक सरकवा, एका वेळी एकच टप्पा. पाच-सहा टप्प्यांनीही आवाज जात नसेल तर सरकवत बसू नका. बोल्ट सोडा आणि सेटअप-की, कडी आणि चाक यांपासून पुन्हा सुरू करा. दोष जवळपास नेहमी तिथेच असतो. दोन फेऱ्यांनंतर ३५ चा टॉर्क परत तपासा. चढावर मागून कुरकुर आली तर डिरेलर काढून बैठक पुसा, पुन्हा बसवा.

शिमानो किंवा ईगल अ‍ॅक्सेस बसवताना पहिलं काम हँगर सरळ आहे का ते बघणं. हे काम हँगर-गेजनेच करा, डोळ्यांनी नाही. इलेक्ट्रॉनिक डिरेलर वाकलेला हँगर दुरुस्त करत नाही. तो दर वेळी तेवढाच चुकतो, आणि मग लोक अ‍ॅपमध्ये सरकवत बसतात. बी-टेन्शन तपासताना फुल सस्पेन्शन बाइकवर स्वार बसलेला हवा, म्हणजे शॉक सॅगवर (स्वाराच्या वजनाने दबलेला) असेल, तेव्हा हे दोघांचं काम. स्टँडवर लावलेल्या बाइकवर अंतर बरोबर वाटतं आणि मातीवर गेल्यावर चेन मोठ्या दात्याला घासते. शिमानोची जोडणी ई-ट्यूब प्रोजेक्ट सायक्लिस्ट या अ‍ॅपमधून होते. पहिल्यांदा उघडलं की फर्मवेअरचं अपडेट मागेल, ते घरी करून घ्या, निघण्याच्या वेळी नाही.

जुन्या स्रॅम चेनची पॉवरलॉक कडी एकदाच वापरायची असते. चेन उघडली की नवी लावा. जुन्या लिंकवर चेन तुटली की बॅटरी भरलेली असूनही सायकल ढकलत न्यावी लागते.

बॅटरी आणि चिखल

अ‍ॅक्सेसची बॅटरी चालवण्याच्या सुमारे २० तासांची असते, रिकामी पूर्ण भरायला साधारण एक तास लागतो. बटण दाबून डिरेलरवरचा दिवा बघा: हिरवा म्हणजे काम चालेल, लाल म्हणजे आज रात्री भरायची, लाल लुकलुकत असेल तर आत्ताच. मध्येच संपली तर गिअर जिथे असेल तिथेच राहतो. त्यामुळे दिवा लाल लुकलुकताना दिसला की परतीच्या रस्त्याला साजेसा मधला गिअर निवडून ठेवा. अ‍ॅक्सेसचा बटणाने वर-खाली होणारा सीटपोस्ट, म्हणजे रेव्हर्ब, असेल तर दोन्हींच्या बॅटऱ्या सारख्याच असतात. डिरेलरची संपली की सीटपोस्टची काढून लावायची. सीट एका उंचीवर अडकते, पण घरी पोचता येतं.

अ‍ॅक्सेसचा डिरेलर हालचाल जाणवली की जागा होतो. गाडीच्या मागच्या रॅकवर चार तास हादरत गेला की बॅटरी न चालवताच उतरते. म्हणून प्रवासात बॅटरी काढून तिच्यावर आणि डिरेलरच्या टोकांवर प्लॅस्टिकची झाकणं लावा. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या पिशवीत ठेवायच्या असतात, सामानात टाकलेल्या बाइकच्या पेटीत नाही. कंट्रोलरमध्ये सीआर-२०३२ हे नाण्यासारखं सेल असतं, ते कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतं. दर पावसाळ्याआधी बदला आणि एक दुरुस्तीच्या पाऊचमध्ये ठेवा.

कोकणातल्या लाल मातीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. धुताना बॅटरी जागेवर असू द्या, म्हणजे टोकांवर पाणी जात नाही. धुऊन कोरडं झाल्यावर बॅटरी काढा, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा. उच्च दाबाची पाण्याची धार डिरेलरच्या सांध्यांवर मारू नका, आतली ग्रीस धुवून जाते आणि काही आठवड्यांत पिंजरा अडखळायला लागतो. अडखळणारा पिंजरा आणि चुकीचं सेटिंग वरून सारखंच दिसतं. फरक कळायला चेन काढा आणि पिंजरा हाताने मागे-पुढे करा, वाळूसारखा रवाळ लागला तर अ‍ॅपमध्ये शोधू नका, सांधा उघडून साफ करा.